विस्थापितांच्या छावणीत काम करायचंय? मराठवाड्यातल्या मुलांसाठी थोडं

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणारी आपल्याकडची मुलं फोनवर पहिलं विचारतात ते 'यूएनमध्ये कसं लागायचं?' जागा रिलीफवेब या मदतकार्याच्या संकेतस्थळावर रोज दिसतात. पण बहुतेक जाहिराती दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो जिनिव्हात जाऊन मिळत नाही. माझा अनुभव लातूरच्या औसा तालुक्यातल्या पाण्याच्या टँकरच्या खेपांचा होता. मुलाखतीत बाकी सगळं बाजूला ठेवून त्यावरच प्रश्न आले. खेप चुकली तर तपासतं कोण? आधी गाव की वस्ती? सरपंचाचा फोन आला तर टँकर वळतो का?

छावणीतलं निम्मं काम हेच असतं. मदतीच्या कामात जगभर 'स्फिअर' नावाची किमान मानकं धरतात: माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, एका नळावर फार तर 250 माणसं, नळ 500 मीटरच्या आत, 20 माणसांमागे एक संडास, आणि झोपाय-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा. आकडे पाठ करून ठेवा, विचारतात. पण 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला 15 लिटरांत काय भागतं आणि काय नाही हे शिकवावं लागत नाही. घरात तान्हं लेकरू असलं की ते कसे संपतात, हे पुस्तकापेक्षा आईला विचारा.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. तुळजापूरला टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) आवार आहे, जमलं तर तिथं जा. नोकरी सांभाळून करायचं असेल तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. काया या संकेतस्थळावर मदतकार्याचे फुकट कोर्स मिळतात. दोन-चार करा, वीस प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका. त्यापेक्षा कोबो टूलबॉक्सवर मोबाइलमधून सर्वेक्षण करायला शिका, एक्सेल पक्कं करा. कायद्यातलं एवढं तरी माहीत हवं: युद्धात माणसांना कसं वागवायचं हे सांगणाऱ्या 1949 च्या जिनिव्हा करारांना भारताची मान्यता आहे, 1951 च्या निर्वासित करारावर सही नाही. आणि सीमा न ओलांडता देशातच घर सुटलं, तर तो माणूस निर्वासित ठरतच नाही. त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. जबाबदारी सरकारची, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकारी कार्यालयाची. तहसीलमध्ये हेलपाटे घातलेल्या माणसाला इथं बरं पडतं.

दुष्काळात अंगी लागलेली एक सवय मात्र उलटी करावी लागते, ती यादीची. आपल्याकडे लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतात, ग्रामसभेत मोठ्यानं वाचतात. लावलीच पाहिजे, चोरी त्यानंच थांबते. पण मणिपूरमध्ये 3 मे 2023 ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचार पेटला, सुमारे 60 हजार माणसं घर सोडून शाळांत, वसतिगृहांत राहायला आली. तिथं नावावरून समाज कळतो. शेजारी मूळ गाव लिहिलं की कुणाचं घर रिकामं आहे आणि तो सध्या कुठं आहे, हेही कळतं. अशी यादी भिंतीवर लावणं म्हणजे पत्ता वाटणं. म्हणून कुपनावर फक्त क्रमांक, नावांची वही कुलपात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो अजिबात नाही. दात्याला चेहरा हवा असतो, तिथं भांडावं लागतं. मग चोरी कशी थांबवायची? वाटप झाल्यावर दुसऱ्याच माणसांनी खोल्याखोल्यांत जाऊन क्रमांक पडताळायचे. वेळखाऊ आहे, पण दुसरी चांगली पद्धत मला सापडलेली नाही.

दोन्ही बाजू तुमच्याकडे बघत असतात. तांदूळ कुणाच्या दुकानातून घेतला, गाडी कोण चालवतो, जेवलात कुठं. कुकींच्या चुराचांदपूरहून मैतेईंच्या इंफाळचं विमानतळ साठेक किलोमीटर, पण तिथल्या कुकी माणसाला त्या रस्त्यानं जाता येईना. विमान पकडायला मिझोराममार्गे आयझॉल गाठायचं. मैतेई चालक तिकडे येऊ शकत नाही. आपण मराठी, म्हणून दोन्हीकडे चालतो, याच कारणासाठी आपल्याला घेतात. तो विश्वास एका चहाच्या टेबलावर बोललेल्या शब्दानंही जातो. कोण बरोबर, यावर तुमचं मत असेल; ते घरी ठेवून या.

घर कसं जळलं, हे आपण होऊन विचारू नका. ब्लँकेट वाटताना एक बाई कुपन हातात धरून उभीच राहिली, पुढं सरकेना. तिला ब्लँकेट नको होतं. मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र घरासोबत गेलं होतं, कॉलेजचा प्रवेश अडला होता. आमच्या प्रकल्पात त्यासाठी रकानाच नव्हता. अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोर्डाकडून दुय्यम प्रत, यात काही आठवडे गेले. पुढं तसेच कितीतरी अर्ज आले, शेवटी कागदपत्रांसाठी वेगळं टेबल टाकलं. आपल्याकडे सेतू केंद्राबाहेर बसून अर्ज लिहून देणारा माणूस आठवा, तसा एक जण छावणीत हवाच.

पैशाचं: करार बहुधा प्रकल्पापुरता असतो, निधी आटला की संपतो. सहा महिने घरी पैसे न पाठवता चालेल का, हे आधी घरात बोलून घ्या. विमा संस्था काढते का, हे विचारायला लाजू नका. आणि मणिपूरला जाणार असाल तर इनर लाइन परमिट (बाहेरच्या राज्यातल्या माणसाला लागणारा प्रवेश परवाना) घरून निघण्याआधीच काढा, ऑनलाइन मिळतं.