सायलेन्सर काळा पडलाय? या चुका टाळा

सायलेन्सरच्या तोंडाशी काळा थर दिसला की कुणी तो फडक्याने पुसून टाकतं, तर कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मागे लागतं. पुसलं की पुरावाच जातो आणि स्क्रू फिरवला की चांगलं सेटिंगही बिघडतं.

आधी सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. मग बोट आतून फिरवून पांढऱ्या कागदावर घासा. कंदिलाच्या काचेवर धरते तशी कोरडी भुकटी निघाली, तर पेट्रोल जास्त जातंय. थर चिकट असेल आणि डागाभोवती कागद तेलकट झाला, तर इंजिन ऑइल जाळतंय. हे दोन आजार वेगळे आहेत. कोरड्या काजळीसाठी पिस्टनच्या रिंगा (ऑइल वर चढू न देणाऱ्या कड्या) बदलायला इंजिन उघडलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

कोरडी काजळी असेल तर सुरुवात एअर फिल्टरपासून करा. मग चोक बघा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणारी सोय. माझ्या गाडीचा चोक लिव्हर मागे यायचा, पण आतली केबल अडकून प्लंजर (चोकची वाट बंद करणारा दट्ट्या) अर्धवट उघडाच राहायचा. ते कळेपर्यंत मी दोनदा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ केले होते. म्हणून लिव्हरवर विसंबू नका, प्लंजर पूर्ण बसतो का ते कार्ब्युरेटरपाशी बघा. त्यानंतर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी): ती झिजली की पेट्रोलची पातळी चढते आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं.

मिक्श्चर स्क्रूचा प्रभाव आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि थोड्याशा थ्रॉटललाच असतो. त्यातही फिल्टरच्या बाजूचा स्क्रू सहसा हवेचा असतो, तो सोडला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचा, तो सोडला की रिच. हे न बघता फिरवला तर काजळी वाढेल.

फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत सायलेन्सरचा जोड आधी तपासा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिक्श्चर लीन भासतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणखी पेट्रोल सोडतो. तापमानाचा सेन्सर बिघडून इंजिन सतत थंड दाखवत असेल, तरी तेच होतं.

प्लग बघतानाही घाई नडते. बराच वेळ आयडलिंगला ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच निघणार, कारण टोक साधारण 450 अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय काजळी जळत नाही. गाडी नीट तापवून, रस्त्यावर चालवून मगच प्लग काढा. रोज चार पावलांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला पातळ कोरडा थर धरतोच. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज ठीक असेल तर त्याची चिंता नको.

थर तेलकट असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ सोडणारी नळी) एअरबॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात जातं. पातळी बरोबर असेल तर निळा धूर कधी येतो ते बघा: रात्रभर उभी गाडी सुरू करताना भसकन आला तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हभोवती ऑइल अडवणारं रबर), जोर लावताना सतत आला तर रिंगांवर संशय. इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांतून होतेय.