लेकाला बेसबॉलची बॅट घेताना: लाकूड की अॅल्युमिनियम?

मी साताऱ्याची, आता न्यू जर्सीत. लहानपणी भावाच्या विलोच्या बॅटला जवसाचं तेल चोळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे लेक लिटल लीगमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळायला लागला तेव्हा मी लाकडीच बॅट शोधत होते. क्रिकेटमध्ये डेनिस लिलीने १९७९ साली पर्थला अॅल्युमिनियमची बॅट आणली, त्यावर केवढा गदारोळ झाला! इथे पोरांच्या हातात सर्रास तीच असते. चार हंगामांनंतर माझं मत पक्कं झालंय: सामन्याला अॅल्युमिनियम, सरावाला लाकूड.

दुकानात जायच्या आधी लीगचा नियम विचारून घ्या. २०१८ पासून लिटल लीगमध्ये धातूच्या बॅटवर 'यूएसए बेसबॉल' या संस्थेचा शिक्का लागतो. काही स्पर्धांत दुसऱ्या संस्थेचा शिक्का चालतो, तो इथे चालत नाही. आम्हाला एका दुकानदाराने "सगळीकडे चालते" म्हणून नेमकी तशीच बॅट दिली आणि पहिल्याच सामन्याला अंपायरने ती बाजूला ठेवायला लावली. पोराचं तोंड एवढंसं झालं. अखंड लाकडाच्या बॅटला मात्र हा शिक्का लागत नाही.

मग वजन. बॅटवर उणे १०, उणे ५ असे आकडे दिसतील. औंसातल्या वजनातून इंचातली लांबी वजा केली की हा आकडा येतो. २९ इंची, १९ औंसांची बॅट म्हणजे उणे १०. मुलाला बॅट एका हातात धरून हात आडवा लांब करायला सांगा. वीस-तीस सेकंदांत बॅट खाली झुकली तर ती त्याला जड आहे. "पुढच्या वर्षी पुरेल" म्हणून मोठी घेऊ नका. बूट नाहीत ते.

अॅल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते. चेंडू लागला की तिचा पत्रा किंचित दबतो आणि उसळून परत येतो, म्हणून थोडा चुकलेला फटकाही बरा जातो. सामन्यात पोराला धीर येतो, पण सरावात हीच अडचण होते, कारण चूक कळतच नाही. लाकडी बॅटवर चेंडू मुठीजवळ लागला की हाताला अशा झिणझिण्या येतात की पोरगं आपणहून हात सुधारतं. लाकडी बॅट त्याच लांबीला बरीच जड भरते, म्हणून मी एक इंच आखूड घेतली.

लाकडात मी मेपल निवडलं. अॅश या दुसऱ्या लाकडाची बॅट वापरून वापरून पापुद्रे सोडते, मेपल टणक राहतं. घेताना मुठीजवळच्या लाकडाच्या रेषा बघा: त्या बॅटच्या लांबीला धरून सरळ जायला हव्यात. तिरक्या गेल्या तर बॅट तिथेच तुटणार. अॅशमध्ये फटका रेषांच्या कडेवर, म्हणजे जिथे त्या जवळजवळ आणि सरळ दिसतात त्या बाजूवर घ्यायचा, मेपलमध्ये सपाट अंगावर, म्हणजे जिथे त्या रुंद पसरलेल्या दिसतात तिथे.

आमचा सराव मागच्या अंगणात चालतो. टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवून तीस फटके, समोर जाळी. नंतर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आम्ही दोघं बॅटवरचे डाग बघतो, कारण लाकडावर प्रत्येक चेंडू खूण सोडतो. सुरुवातीला डाग लेबलापासून टोकापर्यंत विखुरलेले असायचे. दीड महिन्यात ते टोकापासून पाच-सहा इंचांवर तळहाताएवढ्या जागेत गोळा झाले. बघून झालं की स्पिरिटचा बोळा फिरवून पुसायचे, म्हणजे उद्याचे वेगळे दिसतील.

लाकडी बॅट गाडीच्या डिकीत किंवा ओल्या गवतावर ठेवू नका. अॅल्युमिनियमवर पोचा किंवा चीर दिसली तर ती सामन्याला नेऊ नका. लाकडाची बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बॅट मुठीकडून हलकेच जमिनीवर आपटा. चांगली बॅट खणखणीत वाजते, तडकलेली मडक्यासारखी बद्द वाजते. तशी वाजली की ती पोराच्या हातात देऊ नका.