सेन्सरविना एसआरएम: रोटरचा कोन चुकत असेल तर या चुका टाळा

स्विच्ड रिलक्टन्स मोटरचा (एसआरएम) एन्कोडर, म्हणजे रोटरचा कोन मोजणारा सेन्सर, काढला, अंदाजाच्या कोनावर ती चालवली आणि लोड येताच खडखडाट सुरू झाला, की बहुतेक जण नवा ऑब्झर्व्हर (कोनाचा अंदाज बांधणारं गणित) शोधायला धावतात. माझा अनुभव असा, की गणित बहुधा बरोबर असतं. त्याला पुरवलेलं व्होल्टेज खोटं असतं.

फेजच्या (मोटरच्या एका वाइंडिंगच्या) व्होल्टेजमधून करंट आणि रेझिस्टन्सचा गुणाकार वजा करायचा, उरलेल्याचं इंटिग्रेशन करायचं, की फ्लक्स लिंकेज, म्हणजे वाइंडिंगशी जोडलेला एकूण चुंबकीय फ्लक्स, मिळतं. मग फ्लक्स आणि करंट घेऊन टेबलमधून कोन काढायचा. या मोटरची सोय अशी, की एरवी प्रत्येक आवर्तनात फेजचा करंट शून्यावर येतो, म्हणजे फ्लक्सही शून्यावर यायला हवा. त्या क्षणी आपण इंटिग्रेटर रीसेट करतो, आणि रीसेटच्या आधी तिथे किती उरलं होतं हे पाहतच नाही! निदान तिथेच फुकट मिळत असतं. तो आकडा लॉग करा, करंटच्या आलेखाशेजारी ठेवा.

थंड मोटरवरच तो शून्याच्या वर उरतो? मग स्विच आणि डायोडवरचा व्होल्टेज ड्रॉप धरलेला नाही. असिमेट्रिक हाफ ब्रिजमध्ये (प्रत्येक फेजला दोन स्विच आणि दोन डायोड असलेल्या सर्किटमध्ये) करंट चढताना दोन स्विच वाटेत असतात, उतरताना दोन डायोड. दोन्ही वेळची चूक एकाच दिशेने साठते, एकमेकींना खोडत नाही. थंड असताना ठीक, पण तापल्यावर वाढत जातो? मग रेझिस्टन्स तपासा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे वाइंडिंग ६० अंशांनी तापलं तर जवळपास २३ टक्के. आणि फेज बंद असतानाही आकडा सरकत असेल, तर तो मापनातला ऑफसेट.

डीसी बसचं (फेजना वीज पुरवणाऱ्या लाइनचं) व्होल्टेजही स्थिर धरू नका. फेज बंद होताना ऊर्जा कपॅसिटरमध्ये परत येते, बस वर जाते. दर सॅम्पलला मोजा.

कमी वेगात इंटिग्रेशन लांबतं, चूकही साठते. म्हणून तिथे आणि मोटर उभी असताना रिकाम्या फेजला छोटे पल्स देतात: इंडक्टन्स (करंटच्या बदलाला वाइंडिंगचा विरोध) जास्त तिथे करंट कमी चढतो. पण एका फेजचं इंडक्टन्स दोन कोनांना सारखंच येतं, चढत्या बाजूला एक आणि उतरत्या बाजूला एक. दुसऱ्या फेजची साक्ष काढल्याशिवाय उत्तर घेऊ नका. नाहीतर मोटर उलटी सुटते. आधीच्या पल्सचा करंट पूर्ण विझायच्या आत पुढचा पल्स दिला, तर मोजलेलं शिखर फुगतं. शेजारच्या फेजमध्ये मोठा करंट असेल तर म्युच्युअल कपलिंगही (एका फेजच्या चुंबकीय क्षेत्राचा दुसरीवर होणारा परिणाम) आकडा बिघडवतं. लोडवरच कोन हलत असेल तर आधी याचा संशय घ्या. पोल समोरासमोर आले की इंडक्टन्सचा आलेख सपाट होतो, तिथल्या कोनावर मी तरी भरवसा ठेवत नाही. त्या वेळी दुसरी फेज वाचायची.

जास्त वेगात मात्र उशीर मारतो. ८/६ मोटर (स्टेटरचे आठ पोल, रोटरचे सहा) ६००० आरपीएमवर असताना १०० मायक्रोसेकंदांत रोटर ३.६ अंश पुढे जातो. एका स्ट्रोकला (एका फेजच्या पाळीला) १५ अंशच मिळतात, म्हणजे जवळपास पाव स्ट्रोक गेला. सॅम्पलिंगपासून स्विच उघडेपर्यंतचा सगळा वेळ मोजा आणि वेगाने गुणून कोनात मिळवा.

कमी वेगातले पल्स आणि जास्त वेगातलं फ्लक्सचं इंटिग्रेशन, या दोन पद्धतींमधला बदल एकाच वेगावर ठेवलात तर मोटर त्या वेगाजवळ अडखळत राहील. वर जाताना वेगळी मर्यादा, खाली येताना त्याहून कमी. आणि बदलण्याआधी दोन्ही कोन काही आवर्तनं शेजारी चालवून जुळतात का ते पाहा.