मास्कमध्ये पाणी येतंय? आधी पट्टा सैल करा

मालवणला माझ्याकडे स्कूबा डायव्हिंग शिकायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "मॅडम, हा मास्क गळतोय, दुसरा द्या." आणि हे सांगता सांगता दोन्ही हात डोक्यामागे जाऊन पट्टा आणखी आवळत असतात. आमचा तांडेल सुकाणू न सोडता तिथूनच ओरडतो, "पट्टो ढिलो कर मरे!" माझं निम्मं शिकवणं त्याने तिथेच उरकलेलं असतं.

मास्कची कड मऊ सिलिकॉनची असते. ती चेहऱ्याला चिकटते ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाने. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवण्यापुरतंच. तो फार ओढला की मऊ कड दुमडते, कानशिलापाशी किंवा नाकाखाली तिला चुणी पडते आणि त्या चुणीतून पाणी आत येतं. मग माणूस अजून आवळतो, अजून पाणी येतं. वर आल्यावर कपाळावर आणि गालांवर लाल खोल वळ दिसला, तर पट्टा घट्ट होता हे समजा. पट्टा डोक्यामागे जिथे कवटीला फुगवटा असतो तिथे, कानांच्या वरून गेला पाहिजे. मानेकडे घसरला तर मास्क खाली खेचला जातो आणि कपाळाची कड सुटते. बोटीवर मी प्रत्येकाच्या पट्ट्याखाली एक बोट घालून बघते. बोट सहज गेलं पाहिजे.

पट्टा ठीक असूनही पाणी येत असेल, तर कडेखाली काय अडकलंय ते बघायचं. बहुतेक वेळा केस असतात. कपाळावरची एक बट कडेखाली राहिली तरी तिच्या आजूबाजूने पाणी झिरपत राहतं. म्हणून मास्क लावल्यावर शेजाऱ्याला सांगा, कडेवरून बोट फिरवून केस बाहेर काढ. स्वतःचं स्वतःला दिसत नाही. टिकली काढून ठेवा. ती नेमकी वरच्या कडेखाली सापडली तर तेवढी कड उचलली जाते, आणि नाही सापडली तरी सुटून मास्कमध्ये तरंगते. केसांना भरपूर तेल आणि तोंडाला सनस्क्रीनचा थर लावून येऊ नका. कड घसरते, आणि ते क्रीम पाण्याबरोबर डोळ्यांत उतरलं की असं झोंबतं की डाइव्हचा मूडच जातो. नाकातली चमकी असू द्या, तिच्याने पाणी येत नाही. पण कान मोकळे करायला नाक दाबाल तेव्हा ती टोचेल, एवढं ध्यानात ठेवा.

मिशीचा प्रश्न थोडा नाजूक. कोल्हापूरचा एक तालमीतला गडी आला होता, मिशीला हात लावू देईना. अशा वेळी मिशीवर सिलिकॉन ग्रीस चोळून काम चालतं, पण थोडं पाणी येतच राहतं. त्याला मी म्हटलं, "दादा, पूर्ण काढू नका, नाकाच्या अगदी खाली जिथे कड टेकते तेवढीच बारीक रेघ कोरा." दुसऱ्या दिवशी तो ती रेघ कोरून आला. मिशी राहिली आणि पाणीही कमी झालं. खोल पाण्यात एखादा मासा बघून दात काढून हसलात तरी गालांना घड्या पडून पाणी येतं, ते मात्र चालायचंच.

स्वतःचा मास्क घ्यायचा असेल तर दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, खाली वाका. मास्क चिकटून राहिला पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. तोंडात स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची वाकडी नळी, धरून हेच पुन्हा करा. तोंडात काही धरलं की वरचा ओठ ताणला जातो, गालांचा आकार बदलतो, आणि पहिल्या परीक्षेत पास झालेले कितीतरी मास्क इथे नापास होतात. लहान, अरुंद चेहऱ्याला छोटा मास्क मागून घ्या. पोहायचा गॉगल चालणार नाही. खाली जाताना दाब वाढतो, १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा आक्रसते. ती भरून काढायला नाकाने थोडी हवा आत सोडावी लागते. गॉगलमध्ये नाकच नसतं.

आता मुख्य गोष्ट. मास्क कितीही चांगला असला तरी थोडं पाणी येणारच, आणि ते काढता आलं की ती अडचण राहत नाही. तुम्ही श्वास तोंडाने घेताय, टाकीची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात आहे, त्यामुळे मास्क पूर्ण भरला तरी हवा बंद होत नाही. डोक्याला हे लगेच पटतं, नाकाला पटत नाही. नाकाला पाणी लागलं की शरीर आपोआप दचकतं. म्हणून हा सराव घरी करा. मोठ्या टबात पाणी घ्या, मास्क न लावता तोंडात स्नॉर्कल धरून चेहरा पाण्यात ठेवा आणि तोंडाने श्वास घ्या, सोडा. सुरुवातीला जीव घाबरा होईल, मग नाक शांत होईल. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या कोर्समध्ये मास्कशिवाय किमान एक मिनिट श्वास घ्यायला सांगतात, त्याची तयारी इथेच होते. तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) केंद्रात आधी पोहण्याच्या तलावात शिकवतात, तेही याचसाठी.

पाणी काढायचं तंत्र असं. वरची कड कपाळावर बोटांनी दाबून धरा, फक्त वरची. तोंडाने पूर्ण श्वास घ्या. मग नाकाने हळू, सलग हवा सोडायला लागा आणि सोडता सोडता हनुवटी वर करा. हवा वर साठते, पाण्याला खाली ढकलते आणि ते खालच्या कडेतून बाहेर जातं. दोन्ही कडा दाबल्या तर पाण्याला वाटच उरत नाही. हवा सोडायच्या आधीच मान वर केलीत तर पाणी थेट नाकात शिरतं, हा क्रम सगळ्यात जास्त चुकतो. जोरात शिंकरायचंही नाही. माझी युक्ती म्हणजे नाकातून "हंऽऽऽ" असं गुणगुणायचं, हवा आपोआप एकसारखी सुटते. एका श्वासात नाही निघालं तर तोंडाने पुन्हा श्वास घ्या आणि पुन्हा करा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर तेवढा वेळ डोळे मिटा.

आणि वर पळायचं नाही. हे मी हसत सांगत नाही. टाकीची हवा घेऊन, श्वास रोखून वर गेलात तर दोन-तीन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. घाबरलात तर पंजा आडवा करून डावी-उजवीकडे हलवा, मग मास्ककडे बोट दाखवा. इन्स्ट्रक्टर शेजारीच असतो, तो तुम्हाला धरेल.

काहींचा मास्क मुळात गळतच नसतो. ते नकळत नाकाने श्वास सोडतात, त्या हवेने कड उचलली जाते आणि तिथून पाणी आत येतं. तुमच्या कपाळापाशी बारीक बुडबुड्यांची माळ सुटताना दिसली की मला शेजारून लगेच कळतं. यावर उपाय मास्कचा नाही, सवयीचा: श्वास तोंडाने घ्या, तोंडानेच सोडा, नाक फक्त पाणी काढायला आणि दाब सारखा करायला.

धुकं धरणं आणि गळणं यातही गल्लत होते. नव्या मास्कच्या काचेला आतून पातळ थर असतो, त्याने काच धुकं धरते; तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढा, जेल नको.

एवढं सगळं करूनही दर वेळी त्याच एका जागेतून पाणी येत असेल, तर मास्क उलटा करून ती कड उजेडात धरा. बारीक चीर, वाळूचा कण, किंवा बॅगेत दबून वाकडी झालेली कड दिसेल. वाळू धुतली की जाते. चीर पडली असेल तर तो मास्क लहान मुलांना खेळायला द्या आणि नवा घ्या. पण तो घेताना तोंडात स्नॉर्कल धरून बघायला विसरू नका.