उपकेंद्र हलवायचंय? आधी पाड्यावर जा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात मी आधी एएनएम (गावोगाव फिरणारी सरकारी परिचारिका) आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तरी नवे वैद्यकीय अधिकारी अजून फोन करतात, "सिस्टर, लोकांशी सल्लामसलत करून अहवाल पाठवा असं वरून आलंय. कसं करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी मीच त्यांना विचारते, ठरलंय काय आणि ठरायचंय काय? उपकेंद्राची, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या सरकारी दवाखान्याची, जागा नक्की होऊन ठेकेदाराला कामाचा आदेश गेला असेल, तर "दवाखाना कुठे हवा?" असं विचारत फिरू नका. सरळ सांगा की जागा ठरली. पण एएनएमचे फिरतीचे दिवस, ओपीडीची वेळ, बाळंतिणीबरोबर येणाऱ्यांनी रात्री कुठे राहायचं हे ठरायचंय, त्यावर बोलू. सगळं ठरवून विचारायला आलेला साहेब पाड्यावर लगेच ओळखतात. चहा देतात, "बरंय साहेब" म्हणतात आणि पुढच्या बैठकीला कोणी फिरकत नाही.

मग वेळ. आवणीत, म्हणजे भातलावणीत, जाल तर बाया चिखलात असतात. दिवाळीनंतर जाल तर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेला असतो आणि तुमच्या अहवालात फक्त म्हातारी माणसं बोलतात. शिवाय पुढच्या वर्षाचा आराखडा एप्रिलच्या आधीच बनतो, म्हणजे मार्चमध्ये विचारलेलं वर्षभर फायलीत झोपणार. आमच्याकडे गौरी-गणपतीनंतर भातकापणीपर्यंतचे आठवडे त्यातल्या त्यात बरे. जे भट्टीवर गेलेत त्यांना भट्टीवर जाऊन विचारा. पोराचा डोस कुठे चुकला, गरोदर बाईचं कार्ड तिथे कोणी मानतं का, हे तिथेच कळतं.

बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये घेऊ नका. ग्रामपंचायत एक, पाडे अनेक, आणि लांबच्या पाड्यावरचा माणूस मजुरी बुडवून तिथे येत नाही. जव्हार, मोखाडा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासींसाठी वेगळ्या ठरवलेल्या भागात, आहेत. अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहालाही गाव मानून त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. म्हणून पाड्यावर जाणं हा तुमचा मोठेपणा नव्हे, पाड्याचा हक्क आहे. परवानगी, पत्र, ग्रामसेवकाला फोन ही कामं तुम्हाला येतातच.

आता विचारायचं काय, हा खरा मुद्दा. "आरोग्य सेवा कशी वाटते?" याचं उत्तर "चांगली आहे". पांढरा शर्ट घातलेल्या माणसाला दुसरं कोण काय सांगणार? त्याऐवजी विचारा, तुमच्या घरात शेवटचं कोण आजारी पडलं? आणि मग एकेक पायरी खाली उतरत जा. आधी कुणाला दाखवलं, भगताला (झाडपाला-मंत्र करणाऱ्याला) की गोळीवाल्याला? किती वाजता निघालात? गाडी कोणाची, भाडं किती? बरोबर कोण गेलं? मागे शेळ्या कोणी सांभाळल्या? पैसे कुणाकडून उचलले? अशा चार घरांच्या हकीगती ऐकल्या की दवाखाना लांब आहे, बंद असतो, की तिथे कोणी खेकसतं म्हणून लोक येत नाहीत, ते आपोआप बाहेर येतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. खेकसण्यावर नवी इमारत बांधून उपयोग नाही.

नकाशा जमिनीवर काढून घ्या, रांगोळी आणि दगड पुरतात. सरकारी निकष डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांना एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र (मैदानी भागात ५,००० आणि ३०,०००). निकष डोकी मोजतो, ओहोळ मोजत नाही. जून ते सप्टेंबर कुठली वाट तुटते, पेशंटला झोळीत घालून कुठवर आणावं लागतं, गाडी कुठल्या वळणापर्यंत येते, हे बायका खडा ठेवून दाखवतात. त्या नकाशाचा फोटो अहवालाला जोडा. वाचणाऱ्याला दहा पानांपेक्षा तो लवकर कळतो.

बायकांशी वेगळं बोला, पुरुष उठून गेल्यावर, आणि बोलणारीही बाईच असू द्या. तरीही सगळं निघेल असं समजू नका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली, ते काम १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पाणी जातं हे बैठकीत हात वर करून कोणी सांगत नाही. म्हणून बैठकीच्या यादीवर आराखडा उभा करू नका, तपासणी आणि घरभेटी जोडा. त्याच गडचिरोलीत लोकांचं ऐकून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं, नातेवाइकांना पेशंटजवळ राहू दिलं. विचारण्याला असं काही फळ येणार असेल तरच गावाचा दिवस खर्ची घाला.

आशाताईला डॉक्टरांसमोर काही विचारू नका. तिचा मोबदला त्यांच्या सहीने मिळतो. तिला बाजाराच्या दिवशी गाठा. भगत आणि सुईण यांनाही बोलवा. त्यांना वगळलं तर ते बैठकीनंतर स्वतःची बैठक घेतात, आणि तिला गर्दी जास्त असते.

मागण्या आल्या की तिथेच वाटे करा. पाणी, पायरी, पडदा यांसारखं गावाच्या आरोग्य-पोषण समितीच्या निधीतून होईल का? औषधांचा तुटवडा तालुक्याचा की जिल्ह्याचा? रिकामं पद भरणं जिल्ह्याचं की मुंबईचं? प्रत्येक मागणीपुढे कोणाच्या हातात आहे ते मोठ्याने वाचा. २००७ पासून राज्यात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवा तपासणं, सुरू झाली, तेव्हा गावं सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायची आणि जनसुनवाईत अधिकारी समोर बसायचे. रंगाचा तक्ता आजही वापरा. न वाचणाऱ्या आजीलाही आपल्या गावचा लाल दिसतो आणि तो का लाल ते ती साहेबाला ऐकवते.

शेवटी परत जा. हे बहुतेक जण गाळतात, कारण अहवाल गेला की काम संपलं असं वाटतं. ठराव पाड्याच्या बोलीत वाचून दाखवा, एक प्रत अंगणवाडीत लावा. जे नामंजूर झालं तेही लिहा. "वरून आलं नाही" असं मात्र लिहू नका. कुठल्या कार्यालयात, कुठल्या टेबलावर अडकलंय ते लिहा, म्हणजे पुढच्या वेळी पाड्याची माणसं थेट तिथे जाऊन उभी राहतील.