भजनाचा कान असेल, तर ख्यालही कळतो

मराठवाड्यात ज्यानं गावचा हरिनाम सप्ताह मनापासून ऐकलाय, त्यानं 'शास्त्रीय आपल्याला कळत नाही' असं म्हणू नये. सात दिवस खाली न ठेवता पाहाऱ्यावर हातोहात फिरणारी वीणा, अभंगाआधी गायनाचार्यांनी घेतलेला आलाप, मृदंगाची तिहाई (तीनदा वाजवलेला तोच बोल) नेमकी जागेवर पडली की आपसूक हलणारी मान... ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायनाचा मुख्य प्रकार, ऐकायला लागणारा कान इथंच घडत असतो. पुढचं काम रोजच्या अर्ध्या तासाचं आहे, फक्त क्रम चुकवू नका.

आधी आवाजाचं बघा. मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचा) घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) जवळजवळ येतच नाही, आणि तालातली 'खाली' नावाची जागा ओळखायची तर डग्गाच लागतो. साधा वायरचा इअरफोन पुरतो.

पहिला आठवडा: फक्त सा. गाणं सुरू होण्याआधी तानपुरा वाजतो, तो भाग लोक पुढं ढकलतात. तिथंच थांबा. चार तारा असतात: पहिली बहुतेक वेळा पंचमाला, मधल्या दोन षड्जाला, म्हणजे सा ला (त्यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खर्जाची. मालकंसात पंचम नसतो, म्हणून तिथं पहिली तार मध्यमाला लावतात. तोंड मिटून, सोयीच्या सप्तकात तो सा गुणगुणत राहा. गायक सा सोडून वर गेला तरी तुम्ही हलू नका. त्याचा प्रत्येक स्वर तुमच्या सा पासून किती लांब आहे, हे गळ्यालाच कळायला लागतं. तानपुऱ्याचं ॲप असेल तर पट्टी (पेटीच्या कोणत्या पट्टीवर सा धरायचा ते) जुळवून घ्या: पुरुषांची साधारण पांढरी एक ते पांढरी दोन, बायकांची काळी तीन ते काळी पाच.

मग ताल. मध्य लयीतला तीनताल घ्या, विलंबित (संथ) नको. मोजायला उजव्या हाताची चार बोटं वापरा. करंगळीपासून सुरुवात, प्रत्येक बोटावर तीन पेरं आणि टोक धरून चार मात्रा, अशा सोळा. अंगठा फिरवत म्हणा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

मधल्या बोटावर, म्हणजे नवव्या मात्रेला, 'खाली' (टाळी न देण्याची जागा) येते. इथं बहुतेकांची एक चूक होते. ते नवव्यालाच डग्गा बंद होण्याची वाट बघतात. या ठेक्यात नववी मात्रा 'धा' आहे, म्हणून घुमारा दहाव्या मात्रेपासून जातो आणि परत येतो तो चौदाव्याला. म्हणजे मोजणी सुटली तरी घाबरायचं कारण नाही: डग्गा परत बोलला की तिथून तीन मात्रांनी सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. दोन-तीन दिवस एवढंच पकडत बसा. एकदा सम हाताला लागली की गाण्यातली निम्मी भीती जाते.

राग एकच धरा, पंधरा दिवस. भूप चांगला: सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. किशोरी आमोणकरांचा भूप ऐका, मग दुसऱ्या घराण्याच्या गायकाचा, मग बासरीवरचा किंवा सतारीवरचा. गाणारा फिरूनफिरून गंधारावर येतो हे लक्षात यायला हवं. ते आलं की देशकार लावा. स्वर तेच पाच, पण इथं जोर धैवतावर, चाल वरच्या अंगाची आणि वेळ सकाळची. दोन्ही ऐकून रंग वेगळे वाटले, तर राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नव्हे हे पुस्तकाशिवाय कळलं. (पहाटेच्या भूपाळ्यांवरून भूप सकाळचा समजू नका. भूपाळी हा गीतप्रकार आहे, राग भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा.)

आता बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत गायलेला. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाची एक फेरी) पाऊण ते एक मिनिट चालतं, त्यामुळं नवा ऐकणारा तिथंच कंटाळतो. मात्रा मोजू नका, मुखड्यावर कान ठेवा. बंदिशीचे (रागात बांधलेल्या गीताचे) पहिले काही शब्द घेऊन गायक दर आवर्तनाला समेवर येतो. त्या दोन समांमधल्या जागेत तो काय करतो ते बघा: आधी मंद्रात (खालच्या सप्तकात) आणि सा च्या आसपास, मग एकेक स्वर उघडत वर, आणि बऱ्याच वेळानं तार सा, म्हणजे वरचा सा. तो तार सा लागतो तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटतं, कारण आधीची वीस मिनिटं त्याचीच वाट पाहायला लावलेली असतात. म्हणूनच मधूनच 'छान भाग' काढून ऐकलं तर काही हाती लागत नाही. बंदिशीचे शब्द बहुधा ब्रजभाषेतले असतात आणि ताणून म्हटलेले असतात. ते नाही कळले तर तूर्त सोडून द्या.

इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रणांना रागाचं नाव पुष्कळदा चुकीचं दिलेलं असतं. त्यामुळं एकाच नावाची तीन-चार मुद्रणं ताडून बघा. आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी मोबाइलवर फुकट ऐकता येते, पण तिच्यावर कर्नाटक संगीतही असतं. सुरुवातीला दोन्ही मिसळू नका. जमेल तेव्हा छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा महोत्सवासारख्या ठिकाणी समोर बसून ऐका, गायकाच्या हाताकडे आणि तबलजीकडे बघत. सम डोळ्यांनाही दिसते.

आणि पुढच्या सप्ताहात कीर्तन संपल्यावर गायनाचार्यांना विचारा, "महाराज, आजची चाल कोणत्या रागातली?" ते आनंदानं सांगतात, बऱ्याचदा तिथंच दोन ओळी गुणगुणून दाखवतात. तेच नाव घेऊन घरी या आणि त्या रागाचा एखादा छोटा (जलद लयीतला) ख्याल लावा, चाल कानात ताजी आहे तोवर.