लांबी न लिहिलेला एनव्हारचार

टेबल, की, जॉइन तुम्हाला येतं असं धरून चालतो. सांगायची आहे ती एकच गोष्ट, कारण पहिल्या नोकरीत तिनेच माझी झोप उडवली होती.

जुन्या टेबलातले ग्राहकांचे पत्ते नव्या टेबलात न्यायचे होते. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. नवा कॉलम मी एनव्हारचार २०० असा, म्हणजे मराठीसारखा मजकूर २०० चिन्हांपर्यंत मावेल असा, नीट केला होता. पण क्वेरीत कास्ट करताना, म्हणजे डेटा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलताना, नुसतं एनव्हारचार लिहिलं, पुढे कंसात आकडा नाही. कॉलम २००चा आहे म्हणजे तेवढं येईलच, असं मी धरून चाललो. येत नाही! कास्टमध्ये लांबी नसेल तर सर्व्हर ३० चिन्हं धरतो आणि उरलेलं गुपचूप कापतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. मजकूर कॉलमपाशी पोचतो तो आधीच कापलेला, आणि २००च्या जागेत ३० सहज मावतात.

‘मु. पो. आळंदी, ता. खेड, जि. पुणे ४१२१०५’ हा पत्ता घ्या. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, स्पेस सगळं वेगवेगळं मोजलं जातं. उरतं ते ‘मु. पो. आळंदी, ता. खेड, जि. पु’. पिनकोड गायब. टेस्टिंगला आम्ही ‘सातारा’, ‘पुणे’ एवढेच पत्ते भरले होते, त्यामुळे सगळं पास. पत्रं परत यायला लागली तेव्हा कळलं. टेस्टिंगला खेड्यातला लांबलचक पत्ता घ्याच.

व्हेरिएबल किंवा प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेल्या कोडच्या) पॅरामीटरला लांबी दिली नाही तर ३० सुद्धा नाही, १. ‘क्षीरसागर’चा नुसता ‘क’. पण ते लगेच नजरेत भरतं. ३०चं महिनोन्महिने भरत नाही.

एका डेटाबेसचा नियम दुसऱ्याला लावू नका. पोस्टग्रेसमध्ये लांबीशिवायच्या व्हारचारला (तिथला मजकुराचा प्रकार) मर्यादाच नसते, मायएसक्यूएल लांबी मागून घेतो. ओरॅकल मुळात बाइट मोजतो आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ३०च्या कॉलममध्ये जेमतेम १० चिन्हं.

‘सगळीकडे २५५ टाक’ म्हणणारा सीनियर भेटेलच. तो आकडा मायएसक्यूएल ५.०.३च्या आधीची कमाल मर्यादा होती. आज तो का टाकायचा, हे त्याला जरूर विचारा. कारण सांगता येत नसेल तर मी तरी त्याचं ऐकणार नाही.

आणि असं झालंच तर घाबरू नका. आम्ही जुनं टेबल ड्रॉप केलं (काढून टाकलं) नव्हतं, म्हणून दोन दिवसांत पत्ते जागेवर आले. मधल्या काळात लोकांनी स्वतः बदललेले पत्ते तेवढे एकेक करून हाताने जुळवावे लागले.